रंगुबाईनं बोललेला नवस

"आवं बया, तुमी बोलता व्हय!" असं कुणीतरी मागून म्हणालं, तेव्हा मी पेरूवालीशी भांडत होते. वर कडक पेरू दाखवायचे आणि पिशवीत मऊ पडलेले घालायचे ही तिची सवय मला ठाऊक होती, आणि तेच मी तिला जरा मोठ्या आवाजात ऐकवत होते. सांगलीत, विश्रामबागेच्या रस्त्यावर, सकाळी दहा वाजता, हाडांच्या एका दवाखान्यासमोर. मी वळून पाहिलं. साठी ओलांडलेली, हिरव्या लुगड्यातली एक काटक बाई डोळे मोठे करून माझ्या तोंडाकडे बघत होती. चेहऱ्याकडे नव्हे, तोंडाकडे. घरातलं लहान मूल पहिला शब्द बोललं की बघतात तशी. "पान्याच्या सभापतीबाई न्हवं तुमी?" तिनं विचारलं. मी म्हणाले, "होते, जिल्हा परिषदेत. आता मुदत संपली." एवढं साधं वाक्य ऐकून तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या. पेरूच्या पिशवीसकट माझे दोन्ही हात तिनं आपल्या खरखरीत हातांत धरले आणि दवाखान्याच्या पायरीकडे तोंड करून ती ओरडली, "उत्कर्षा, अगं हिकडं बघ! सभापतीबाईंना वाचा आली! बिरोबानं ऐकलं गं!" पायरीवर काठी टेकून बसलेल्या एका तरुण बाईनं मान वर केली. पेरूवालीनंही माझ्याकडे पाहिलं. दोन मिनिटांपूर्वी तिनं माझ्या वाचेचा चांगलाच प्रसाद घेतला होता.

मग ती सांगत गेली आणि मी उन्हात उभी राहून ऐकत गेले. ती रंगुबाई. जत तालुक्यातल्या, कर्नाटकाच्या कडेच्या एका वाडीची. सुनेच्या मांडीत घातलेला रॉड आता काढायचा होता म्हणून दोघी पहाटेच्या एसटीनं आल्या होत्या. "आमी समदी समजत हुतो तुमी मुक्या हाय," ती म्हणाली, आणि ते तिनं इतक्या मायेनं म्हटलं की मला रागावताही येईना. "पाच वरसं तुमी येताय, टेजवर बसताय, समद्यांस्नी हात जोडताय, आन बोलतंय ते तुमचं मालक. आमच्यात तर मालकांचं लय कवतिक. म्हनायचे, बघा, मुकी बायकू असून टाकली न्हाई. उलट सभापती केली." मला हसू यायला हवं होतं. मी मात्र पिशवीतले पेरू बघत राहिले. "आन त्या दिशी मी उठून तुमास्नीच इचारलं न्हवं का, बाई, टँकर कवा येनार म्हनून? तवा तुमचं व्हट हाललं. म्या डोळ्यानं बघितलं. पर आवाज फुटला न्हाई. माज्या काळजात चर्र झालं. तितनं उठले ती थेट बिरोबाच्या पुढ्यात. म्हनलं, देवा, ह्या लेकीला वाचा दे, तुला बकरं देते. आता येत्या ऐतवारी फेडते." त्याच वेळी, त्याच पायरीसमोर मी सांगायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. मी काय केलं? पाच वर्षांत जे पक्कं शिकले होते तेच केलं. मान तिरकी करून हसले. उत्कर्षानं मोबाईल काढला आणि म्हणाली, "मॅडम, नंबर द्या. आत्ती रविवारी बोलावणार तुम्हाला." तिच्या डोळ्यांत सासूच्या डोळ्यांतलं काहीच नव्हतं. मी नंबर सांगितला. प्रत्येक आकड्याला रंगुबाई कौतुकानं मान डोलवत होती.

मी निघाले होते फोटो काढायला. एक वाजता पक्षाचे निरीक्षक लोकसभेसाठी इच्छुक बायकांच्या मुलाखती घेणार होते, आणि अर्जावर "संसदेत शोभेल असा" फोटो हवा, असं वीरधवलनी सकाळी सांगितलं होतं. वीरधवल म्हणजे माझे यजमान. रंगुबाईच्या गावानं कौतुक केलेले ते थोर गृहस्थ. बायकांना लोकसभेत तिसरा हिस्सा द्यायचा कायदा झाला, तो नक्की कधी लागू होणार आणि कुठल्या जागा बायकांकडे जाणार हे अजून कुणालाच माहीत नाही, पण तेवढ्या बातमीवर सातारा-सांगलीत घराघरांतल्या बायकांना फोटोला बसवायला सुरुवात झाली होती. सून, मुलगी, भावजय, जी घरात असेल ती. ऊस लावायच्या आधी रान तयार ठेवतात, तसं आम्हाला तयार ठेवत होते. स्टुडिओतला माणूस म्हणाला, मॅडम, ओठ थोडे मिटा. मी मिटले. दिव्यांची ऊब गालांवर येत होती, आणि माझ्या डोक्यात एकच चाललं होतं, की एक अख्खी वाडी मला पाच वर्षं मुकी समजत होती आणि तिचं फारसं काही चुकलं नव्हतं. फोटो चांगला आला. शांत, सोज्वळ, कुणाला अडचण न होणारा.

खरं सांगायचं तर मी जन्माची बडबडी. साताऱ्याला कॉलेजात असताना वादविवादाच्या ढाली मी पोत्यानं आणल्या असत्या, कुणी दिल्या असत्या तर. माझे वडील सुभेदार होते, मूळचे पाटणकडचे, आणि सुट्टीवर आले की मला अंगणाच्या एका टोकाला उभी करून स्वतः दुसऱ्या टोकाला जाऊन बसायचे. "हिथवर आलं पायजे," म्हणायचे, "आवाज पुढं, पोरगी मागनं." मी साताऱ्याच्या चारभिंतीच्या टेकडीवर उभी राहून खालच्या शहराला भाषणं ठोकलेली आहेत. लग्न ठरवायला सासरे आले, नाथाजी, तेव्हा चहाचा कप खाली ठेवून म्हणाले होते, पोरगी बोलकी हाय, घरात कसं भरल्यावानी वाटंल. घर भरलं खरं. पण मी निवडून आल्यावर पहिल्याच सत्काराला उठून दोन वाक्यं बोलले, आणि मला दिसलं की समोरची माणसं माझ्याकडे बघतच नव्हती. मी जे म्हणत होते ते खरं धरायचं की नाही हे तपासायला ती माझ्या शेजारी बसलेल्या वीरधवलांचा चेहरा बघत होती. त्यांनी हलकेच माईक आपल्याकडे ओढला. "मॅडमच्या वतीनं मी चार शब्द..." मला काय वाटलं ते सांगायची लाज वाटते. मला बरं वाटलं. सुटल्यासारखं. उन्हात चालताना कुणी हातातली जड पिशवी घेतली की वाटतं ना, तसं. मग ती पिशवी मी परत कधी मागितलीच नाही. मागच्या खुर्चीत बसून हात जोडणं सोपं असतं हो. चूक झाली तर ती आपली नसते. आणि बरोबर ठरलं तर हार आपल्याच गळ्यात.

रंगुबाई ज्या दिवसाबद्दल बोलत होती तो मला अगदी लख्ख आठवतो, मी तो कितीही आत दडपला असला तरी. तो वाईट उन्हाळा. शाळेपुढं मांडव, प्लास्टिकच्या खुर्च्या, खाली सतरंजीवर बायका, त्यांच्या शेजारी रिकाम्या घागरी. मुद्दाम आणलेल्या, दिसाव्यात म्हणून. एक बाई उठली आणि तिनं वीरधवलांना सोडून मला विचारलं. "तुमी बाईमानूस हाय, तुमी सांगा." आणि मला उत्तर ठाऊक होतं. टँकरच्या मागणीला लागणारं माझ्या शिफारशीचं पत्र टाईप होऊन घरात जेवणाच्या टेबलावर पडलं होतं. सहीसाठी मी पेन उघडलं तेव्हा वीरधवल कोशिंबीर वाढून घेत म्हणाले होते, "त्या गावानं कुणाला मतं टाकली माहीत आहे ना? आठ दिवस बसू दे." मी पेनचं टोपण लावलं. मांडवात ती बाई उभी होती, घागरी उन्हात चमकत होत्या, आणि माझे ओठ खरोखर हलले. "माझ्या घरात आहे" एवढे तीन शब्द ओठांपर्यंत आले होते. मग शेजारून खोकल्याचा आवाज आला आणि वीरधवल बोलू लागले, प्रशासन, प्रस्ताव, पाठपुरावा. आठ दिवसांचे चाळीस झाले. पेपरच्या आतल्या पानावर दोन ओळी आल्या होत्या, विहिरीत पाणी शेंदताना पाय घसरून विवाहिता जखमी, मांडीचं हाड मोडलं. गावाचं नाव मी वाचलं आणि पेपरची घडी घालून रद्दीत टाकली. विवाहितेचं नाव छापलेलं नव्हतं. आज पायरीवर काठी टेकून बसलेली पाहिली तेव्हा ते मला कळलं. म्हणजे मी मुकी असणं हीच माझी सुटका होती. मुक्या बाईला कोण जाब विचारणार? तिच्यासाठी नवस बोलतात. मी बोलती निघाले तर मात्र रंगुबाईला चाळीस दिवसांचं उत्तर द्यावं लागणार होतं, आणि बकरं रविवारी कापलं जाणार होतं.

मुलाखती एका हॉटेलच्या हॉलमध्ये होत्या. बाहेर सोफ्यांवर नवरे, दीर, सासरे, एक-दोन मुलगे, सगळे पांढऱ्या कपड्यांत आणि प्रत्येकाच्या मांडीवर आपापल्या बाईची फाईल. शाळेच्या गेटबाहेर पालक असतात ना, तसे कासावीस. आम्ही बायका भिंतीकडेला रांगेत बसलो होतो आणि ओठांतल्या ओठांत पाठ म्हणत होतो. माझ्या शेजारची, नवीकोरी पैठणी नेसलेली, मला हळूच म्हणाली, "तुमच्या फाईलीत मागच्या वेळी लोकसभेत किती बायका निवडून आल्या ते आहे का हो? ह्यांनी माझ्यात घातलंच नाही." मी म्हणाले, "पाचशे त्रेचाळीसात चौऱ्याहत्तर." तिनं तळहातावर लिहून घेतलं. मला वाटलं, हा आकडा कधीतरी वाढेल. आम्हीच वाढवू, ह्या रांगेतल्या. दिल्लीच्या त्या थोरल्या सभागृहात आमची डोकी मोजतील आणि देशाची तब्येत सुधारली म्हणून पेढे वाटतील. आणि कुठल्यातरी वाडीतली बाई उठून विचारेल, तेव्हा आम्ही सगळ्याजणी मान तिरकी करून हसू. मी उठून बाथरूममध्ये गेले, दार लावलं आणि आरशासमोर स्वतःचं नाव म्हटलं. संयोगिता. नीट ऐकू आलं. दुसऱ्यांदा म्हटलं तेव्हा शेवटचं अक्षर फाटलं. बाहेरून कुणीतरी दार ठोठावलं, आणि मी नळ सोडला.

आत तीन निरीक्षक होते. मधल्या बाई सत्तरीच्या, केस पांढरे, मराठी बोलणाऱ्या. वीरधवलनी काढून दिलेल्या अकरा प्रश्नांपैकी सात जसेच्या तसे आले आणि मी सातही उत्तरं दिली. खणखणीत. सुभेदारांच्या अंगणाच्या त्या टोकापर्यंत गेली असती अशी. मग त्या बाईंनी चष्मा काढला आणि विचारलं, "सभापती असताना तुमच्या हातून न झालेलं एखादं काम सांगा. मनाला लागून राहिलेलं." हे फाईलीत नव्हतं. मला रंगुबाईचे हात आठवले, घागरी, पेनचं टोपण. आता सांग, मी मला म्हणाले, इथं तो खोकला नाही, इथं कुणी नाही. माझे ओठ हलले. मला स्वतःला ते हललेले कळले. आणि मग एक खाकरल्याचा आवाज आला, तो माझाच होता, पण हुबेहूब वीरधवलांसारखा, आणि त्यामागून मी बोलू लागले. प्रशासन, प्रस्ताव, पाठपुरावा. त्यांच्यासारखी दोन बोटं टेबलावर टेकून, त्यांच्यासारखी मध्ये थांबून. डाव्या बाजूच्या निरीक्षकांनी कौतुकानं मान हलवली आणि काहीतरी लिहून घेतलं. मधल्या बाईंनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. "छान बोलता," त्या म्हणाल्या आणि चष्मा लावला. मी थँक्यू म्हणाले. टेबलावरची ती दोन बोटं मी उचलून घेतली.

गाडीत बसल्यावर वीरधवल खूश होते. कुणीतरी आतून त्यांना मेसेज केला होता, तुमच्या मॅडम नंबर एक. "मी म्हणत नव्हतो?" ते गाडी काढत म्हणाले, "तुला फक्त तयारी लागते." ते वाईट माणूस नाहीत हेही मला सांगितलं पाहिजे, नाहीतर सगळं सोपं होऊन जाईल. मला ताप आला की ते रात्रभर उशाशी बसतात. फक्त मी काही बोलू शकते हे त्यांच्या डोक्यात कधी आलं नाही, आणि मीही कधी ते आणून दिलं नाही. पुष्पराज चौकाच्या सिग्नलला मी त्यांना सकाळची गोष्ट सांगितली. मला वाटलं होतं ते ओशाळतील. ते आधी खो खो हसले. मग हसणं थांबलं आणि त्यांनी स्टिअरिंगवर थाप मारली. "अगं, हे सोनं आहे! बिरोबानं सभापतींना वाचा दिली! तो सगळा जतकडचा पूर्वभाग, तिकडं आपल्याला कोण विचारत नाही. रविवारी जायचं. पत्रकार नेऊ चार. बकरं आपल्या हातानं सोडायचं तू. आणि तिथं पहिलं भाषण." मी म्हणाले, "पण मी मुकी नव्हते." ते म्हणाले, "तू कुठं म्हणायचंस होते म्हणून? लोकच म्हणतायत. आपण फक्त नाही म्हणायचं नाही." सिग्नल सुटला. आपण फक्त नाही म्हणायचं नाही. इतक्या वर्षांत माझं राजकारण कुणी एवढ्या थोडक्यात सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात माझा फोन वाजला. तो गाडीच्या स्पीकरला जोडलेला असतो, त्यामुळे रंगुबाईचा आवाज एकदम गाडीभर झाला. "सभापतीबाई? म्या रंगुबाई. आवं, डाक्टरांनी तारीख दिली फुडच्या हप्त्याची. आमी आता यष्टीत बसतोय. म्हनलं, इचारावं, ऐतवारी येताय न्हवं? बकरं म्या घरचंच काडलंय. बाळ्या हाय त्येचं नाव. हातानं पाजून वाडिवलाय, पर देवाचं ते देवाला." वीरधवल माझ्याकडे वळून हातवारे करत होते, हो म्हण, हो म्हण. मी तोंड उघडलं. मला वाटलं, आता पुन्हा तेच होणार, पुन्हा तो खोकला आणि पाठपुरावा. "आवं, आईकताय न्हवं? का बसली पुन्यांदा वाचा?" तिच्या आवाजात एवढी भीती होती, माझ्यासाठी, की मला रडू फुटलं.

"रंगुबाई," मी म्हणाले, "बाळ्याला राहू द्या. नवस फेडू नका. मला पहिल्यापासून बोलता येतं."

तिकडे एसटी स्टँडचा गलका ऐकू येत होता, कुठलीतरी गाडी फलाटावर लागत असल्याचं सांगत होते. वीरधवलनी गाडी कडेला घेतली. "काय चाललंय तुझं," ते दबक्या आवाजात म्हणाले. रंगुबाईनं विचारलं, "म्हंजी? त्या दिशी मांडवात..."

"त्या दिवशीपण येत होतं."

"टँकर का येत न्हाई, ते ठावं हुतं तुमास्नी?"

"हो. पत्र आमच्याच घरात होतं. मी सही केली नव्हती."

ती शिव्या देईल असं मला वाटलं होतं. द्याव्यात असंही वाटत होतं, म्हणजे एकदाचं संपलं असतं. तिनं एक लांब श्वास सोडला, तो गाडीतल्या चारी स्पीकरांतून आला. मग तिचं तोंड फोनपासून लांब गेलं. "उत्कर्षा, धर ह्यो," ती म्हणाली. आणि पुन्हा मला, अगदी कोरड्या आवाजात, "मला नगा सांगू. पाय हिचा मोडलाय, हिला सांगा."

वीरधवलांचा हात फोन तोडायच्या बटणाकडे गेला. मी त्यांचं मनगट धरलं. तेवीस वर्षांत मी त्यांचा हात असा कधी धरला नव्हता, आणि ते इतके चकित झाले की त्यांनी तो सोडवलाही नाही. तिकीट गेलं हे कळत होतं आणि घरी आज काय होणार तेही. फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेल्याची खरखर झाली. काठी कशालातरी टेकवल्याचा आवाज आला.

"बोला मॅडम," उत्कर्षा म्हणाली. "मी ऐकतीय."